देवणी, लाल कंधारी आणि संकर: गाईच्या रंगाचा हिशोब कसा मांडायचा

लाल कंधारी गाईला काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन या विदेशी जातीची रेतमात्रा भरली की वासरू बहुतेक वेळा काळं येतं. पोटाखाली, कासेजवळ नाहीतर कपाळावर थोडं पांढरं असलं तर असलं. आई तांबडी, बाप बांडा, आणि वासरू ना तांबडं ना बांडं. नवा पशुपालक इथंच गोंधळतो. कुणी म्हणतं रेतमात्रा भलतीच भरली, कुणी म्हणतं कंधारीचं रक्तच पुसलं गेलं. दोन्ही चूक. त्या काळ्या वासरात कंधारीचं रक्त बरोबर निम्मं आहे, आणि तांबडा रंगही आत शाबूत आहे. फक्त तो दिसत नाही.

मराठवाड्यात देवणी किंवा लाल कंधारी पाळणाऱ्यांसाठी, आणि त्यांचा होल्स्टीन किंवा जर्सीशी संकर करू पाहणाऱ्यांसाठी ही पद्धत आहे. तिच्यातून कोणत्या जोडीतून कोणत्या रंगाचं वासरू किती शक्यतेनं येईल हे सांगता येतं. वासराच्या रंगावरून त्याच्या रक्ताची टक्केवारी मात्र कधीच सांगता येत नाही. बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक याच ठिकाणी होते.

पायरी १: जनावर नीट वाचायला शिका

रंग आणि नक्षी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला प्रश्न असा: जिथे केसांना रंग आहे, तिथे तो काळा, तांबडा की यांच्या मधला? दुसरा प्रश्न: पांढरं किती आणि कुठे? दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या जनुकांकडे असतात, म्हणून वहीत ती वेगळ्या रकान्यांत लिहावीत. ‘काळीबांडी’ असं एका शब्दात लिहून टाकलं की पुढचा हिशोब बसत नाही.

देवणीत तीन नक्षी मानतात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. बालंक्या म्हणजे अंग स्वच्छ पांढरं, काळे ठिपके असलेच तर शरीराच्या खालच्या भागाला. शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर कुठेही, कसेही पसरलेले काळे डाग. यालाच काही ठिकाणी वाघ्याड म्हणतात. लाल कंधारी मात्र एकरंगी: फिक्या तांबड्यापासून जवळजवळ तपकिरीपर्यंत छटा चालतात आणि वळू गाईपेक्षा गडद असतो.

केस बाजूला करून खालची कातडी पाहायची सवय लावा. पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असेल, तर त्या जागी रंगपेशी पोहोचलेल्याच नाहीत. कातडी काळसर असेल, तर रंगपेशी आहेत, पण केसांत रंग फिका उतरला आहे. गवळाऊ किंवा खिल्लार पांढरी दिसते ती बहुधा या दुसऱ्या कारणानं. गोव्याच्या श्वेत कपिलेत तर नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. लांबून ही सगळी जनावरं सारखीच पांढरी दिसतात, पण संकरात प्रत्येकाचं पांढरं वेगळं वागतं.

जन्माच्या दिवशीचा रंग अंतिम धरू नका. खिल्लारची वासरं डोक्यावर तांबूस छटा घेऊन जन्मतात आणि ती काही महिन्यांत जाते. राखाडी जातींची बरीच वासरं आधी भुरी असतात. नर वयात येताना मान, वशिंड आणि खांद्याला गडद होत जातो, कारण नर संप्रेरकामुळे काळ्या रंगद्रव्याचा जोर वाढतो. खच्ची केलेला बैल तितका गडद होत नाही. म्हणून छटेची तुलना करायची तर नराची नराशी आणि एकाच वयात करा. पांढऱ्या डागांची हद्द मात्र जन्मताच ठरलेली असते. ती वयाबरोबर हलत नाही.

पायरी २: नोंदवही, आणि बाप नक्की कोण

दोनशे पानी साधी वही पुरते. एका वासराला एक पान. त्यावर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, जन्मतारीख, आईचा क्रमांक, वळूचा क्रमांक, मूळ रंग, पांढऱ्याची जागा, नाकपुडी, खूर, शेपटीचा गोंडा आणि कातडीचा रंग. गाईची बाह्यरेषा एका कागदावर काढून तिच्या झेरॉक्स प्रती ठेवा आणि डाव्या-उजव्या बाजूचे डाग पेन्सिलीनं त्यात भरा. फोटो चार: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून. जनावर धुऊन, सावलीत उभं करून काढा. भर उन्हात तांबडा आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही. जन्माला, तीन महिन्यांनी आणि वर्षानं असे तीन वेळा काढा.

बापाच्या नोंदीत सगळ्यात जास्त चुका होतात. कृत्रिम रेतन झालं की रिकामी स्ट्रॉ, म्हणजे रेतमात्रेची नळी, फेकू देऊ नका. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात, केंद्राचं नाव आणि तारीख छापलेली असते. ती पुसून त्या गाईच्या पानावर चिकटपट्टीनं लावा. तोंडी सांगितलेला क्रमांक वर्षभरानं कुणाच्याही लक्षात राहत नाही.

नंतर दिवस मोजा. होल्स्टीनचा गाभण काळ २८० दिवसांच्या आसपास असतो. देशी गाय त्याहून पाच-दहा दिवस जास्त घेते. रेतनानंतर ३०० दिवस उलटून गेल्यावर गाय व्याली, तर ती त्या रेतनाला बहुधा उलटली होती, म्हणजे गाभण राहिली नव्हती, आणि २१ दिवसांनी आलेल्या पुढच्या माजावर गाभण राहिली. त्या माजावर गावातला मोकाट वळू जवळ होता का, हे आठवा. ‘अनपेक्षित रंगाचं वासरू’ या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी या मोजणीतच मिटतात. तरीही शंका उरली, तर डीएनए तपासणीसाठी शेपटीच्या गोंड्यातले २५-३० केस मुळासकट उपटा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना खराब होतो. कात्रीनं कापलेले केस निरुपयोगी. तपासणी मुळाची होते.

पायरी ३: काळा आणि तांबडा

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. काळा-तांबडा ठरवणारं मुख्य जनुक १८व्या गुणसूत्रावर आहे. त्याचे तीन प्रकार महत्त्वाचे. प्रभावी काळा सगळ्यांवर मात करतो. मधला, म्हणजे मूळ रानटी प्रकार, काळा आणि तांबडा दोन्ही रंग बनू देतो. जर्सीचा बदामी-तपकिरी रंग यातला. आणि अप्रभावी तांबडा, जो दोन प्रती एकत्र आल्याशिवाय दिसत नाही.

शुद्ध काळ्या होल्स्टीनकडे प्रभावी काळ्याच्या दोन प्रती असतात. म्हणून त्याच्या प्रत्येक वासराला एक प्रत मिळतेच आणि आई कोणत्याही रंगाची असो, वासरू काळं. पहिल्या पिढीचा हिशोब इथे संपला.

आता ती पहिल्या पिढीची काळी कालवड पुन्हा लाल कंधारी वळूला द्या. काळ्याची एकच प्रत तिच्याकडे आहे, तीही ती निम्म्याच वासरांना देणार. म्हणजे निम्मी वासरं काळी, निम्मी काळी नसलेली. या दोन्हींमध्ये कंधारीचं रक्त सरासरी सारखंच, ७५ टक्के. काळं वासरू ‘जास्त होल्स्टीन’ नाही आणि तांबडं वासरू ‘जास्त कंधारी’ नाही. गाईच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात; हा रंग त्यांतल्या एका जोडीवरच्या एका बिंदूनं ठरतो. दूध, उष्णता सोसण्याची ताकद, गोचिडांना तोंड देणं, वेळेवर माजावर येणं हे उरलेल्या सगळ्या जोड्यांवर विखुरलेलं आहे आणि रंगाकडे पाहून त्यांतलं काहीच कळत नाही. ‘तांबडी पडली, म्हणजे देशीवर गेली, तिला कमी खुराक चालेल’ असा निर्णय घेऊन कालवडींची वाढ खुंटवल्याची उदाहरणं गावोगाव दिसतात, आणि ते नुकसान पहिल्या वेतापर्यंत भरून निघत नाही.

दोन काळ्या जनावरांकडे तांबड्याची लपलेली प्रत असेल, तर चारात तीन काळी, एक तांबडं असं प्रमाण येतं. पण हे प्रमाण पुष्कळ वासरांवर दिसतं. चारच वासरं झाली, तर चारही काळी निघण्याची शक्यता ३२ टक्के आहे. म्हणून चार वासरांवरून ‘या वळूत तांबडा नाही’ असा निकाल देऊ नका.

वळूची परीक्षा घ्यायचीच असेल, तर त्याच्या जोडीला अप्रभावी तांबड्याच्या दोन्ही प्रती असलेल्या गाई द्या. त्याच्याकडे लपलेली प्रत असेल, तर प्रत्येक वासरू तांबडं निघण्याची शक्यता निम्मी. लागोपाठ पाच वासरं काळी आली, तर प्रत असूनही असं घडण्याची शक्यता ३ टक्के उरते; सात आली तर एक टक्क्याहून कमी. तांबड्या गाई नसतील आणि लपलेली प्रत असलेल्या काळ्या गाईंवरच तपासायचं असेल, तर तेवढ्याच खात्रीला १२ ते १७ वासरं लागतात. हल्ली बऱ्याच होल्स्टीन वळूंच्या यादीत तांबड्याचे वाहक असल्याची खूण ‘आर-सी’ अशी दिलेली असते. ती वाचली की एवढी वर्षं वाचतात.

एक अपवाद लक्षात असू द्या. होल्स्टीनमध्ये प्रभावी तांबडा असाही एक प्रकार आहे आणि तो दुसऱ्याच जनुकामुळे येतो. अशा वळूची एकच प्रत शुद्ध काळ्या गाईच्या निम्म्या वासरांना तांबडं करते. वरचं सगळं गणित उलटं पडलेलं दिसलं, तर वळूची माहिती पुन्हा काढा.

पायरी ४: पांढरं कुठून येतं

रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून अंगभर पसरत जातात. काही जनुकांमुळे त्यांचा प्रवास अर्ध्यावर थांबतो किंवा पेशीच कमी पडतात. मग सगळ्यात लांबची ठिकाणं आधी कोरी राहतात: पोट, पाय, कपाळ, शेपटीचा गोंडा. एवढं समजलं की पहिल्या पिढीच्या संकरित वासराचं पांढरं पोटाखालीच का असतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

होल्स्टीनचा बांडेपणा बहुतांशी अप्रभावी आहे. एकरंगी जातीशी संकर केला की पहिली पिढी जवळजवळ एकरंगी निघते. तीच गाय पुन्हा होल्स्टीनला दिली की निम्मी वासरं बांडी. पहिल्या पिढीतल्याच दोघांची जोडी लावली, तर चौथा हिस्सा बांडा आणि चौथा हिस्सा काळा नसलेला. दोन्ही जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर असल्यानं १६ वासरांमागे साधारण ९ काळी एकरंगी, ३ काळी बांडी, ३ तांबडी किंवा मधल्या रंगाची एकरंगी आणि १ तांबडी बांडी असा हिशोब बसतो. आजी-आजोबांत कुणीच तांबडं-बांडं नसताना असं वासरू जन्मलं, की लोक रेतन करणाऱ्यावर संशय घेतात. तो संशय बहुधा अनाठायी असतो.

बांडेपणा आहे की नाही हे जनुक ठरवतं; डाग नेमका कुठे पडणार हे मात्र बरंचसं गर्भातल्या योगायोगावर असतं. एकाच गाईपासून क्लोन केलेल्या होल्स्टीन वासरांचे डागही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून सुंदर डागांचा वळू आणून तसेच डाग मिळवण्याची धडपड करू नका. पांढऱ्याचं एकूण प्रमाण थोडंफार वारशानं येतं, पण डागाची जागा आणि आकार तसा येत नाही.

देवणी आणि होल्स्टीनच्या संकराला ९:३:३:१ हे गणित लावू नका. इथे दोन्ही बाजूंनी पांढरं येतं आणि देवणीचं पांढरं होल्स्टीनच्या बांडेपणासारखंच वागेल असं गृहीत धरता येत नाही. त्यासाठी स्वतःच्या कळपाचा तक्ता मांडा. उभ्या बाजूला आईची नक्षी, आडव्या बाजूला बापाची, आणि चौकटीत प्रत्येक वासरासाठी एक खूण. वाचण्याचा नियम सोपा आहे: दोन्ही आई-बापांत न दिसणारी नक्षी वासरात आली, तर ती अप्रभावी आणि दोघांमध्येही लपलेली. एखादी नक्षी प्रत्येक पिढीत निदान एका पालकात दिसतच असेल, तर ती प्रभावी असण्याकडे कौल. वानेरा-शेवरा जोड्यांच्या २०-२५ नोंदी झाल्या की ऐकीव मतांपेक्षा हा तक्ता जास्त कामाचा ठरतो. शेजारच्या चार पशुपालकांनी एकाच पद्धतीनं तक्ता ठेवला, तर तो वर्ष-दोन वर्षांत भरतो.

पायरी ५: संकर किती, आणि नंतर काय

शुद्ध देशी गाय आणि शुद्ध विदेशी वळू: ५० टक्के. तिला पुन्हा विदेशी: ७५. तिला पुन्हा विदेशी: ८७.५. आपल्या हवेत आणि चाऱ्यावर ५० ते ६२.५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. त्याच्या वर गेल्यावर ताप, गोचीडजन्य रोग आणि गाय उलटणं यांचा खर्च दुधातून भरून काढणं लहान गोठ्याला जड जातं. ६२.५ मिळवायचे, तर ७५ टक्क्यांच्या गाईला ५० टक्क्यांचा वळू द्यावा लागतो, हे आधीच ठरवून ठेवा. अशी रेतमात्रा प्रत्येक ठिकाणी हाताशी नसते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तयार केलेली फुले त्रिवेणी हे याचं जवळचं उदाहरण: ५० टक्के होल्स्टीन, २५ टक्के जर्सी, २५ टक्के गीर. परभणीला होल्स्टीन आणि देवणीच्या संकरातून होलदेव तयार झाली. अशा संकरांत वासरांचे रंग पसरतात. ते दोषाचं लक्षण नाही. बापाकडून आणि आईकडून आलेली जनुकं नव्यानं वाटली जात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या पिढीचा संकराचा जोम मात्र पहिल्या पिढीतल्याच जोडीतून पुढे नेला की निम्म्यावर येतो. म्हणून पहिल्या पिढीची गाय पाहून दुसऱ्या पिढीच्या दुधाचा अंदाज बांधू नका.

उलट दिशेनं जायचं असेल, म्हणजे संकरित कळप पुन्हा देवणीवर आणायचा असेल, तर दर पिढीला शुद्ध देवणी वळू लागतो आणि रक्त ७५, ८७.५, ९३.७५, ९६.८७५ असं चढतं. देशी गाय पहिल्यांदा व्यायला साडेतीन-चार वर्षं घेते. चार पिढ्या म्हणजे पंधरा वर्षं. दुसऱ्याच पिढीत नेटकी वानेरा नक्षी मिळाली म्हणून तिथे थांबणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. आणि अस्सल देवणी उरली असेल, तर तिचा संकर करण्याआधी तिच्यापासून निदान दोन शुद्ध कालवडी पदरात पाडून घ्या. संकर कधीही करता येतो. गेलेली देवणी परत आणता येत नाही.

पायरी ६: निवड करताना रंगाला किती भाव द्यावा

समजा गोठ्यात दहा कालवडी आहेत आणि चार ठेवायच्या आहेत. दहांतल्या चारच वानेरा आहेत. वानेराच हव्यात असा हट्ट धरला, तर निवड तिथेच संपली. आईचं दूध, सडांची ठेवण, पायांची चाल यांना वावच उरला नाही. आधी आयांच्या दुधाच्या नोंदी लावा. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचं दूध मोजून तीसनं गुणलं, तरी पुरेसा अंदाज मिळतो. वरच्या सहा काढा, आणि त्या सहांत नक्षी पाहा. जातीच्या लक्षणांत न बसणारा रंग वळूच्या बाबतीत नाकारावा, गाईच्या बाबतीत थोडं सैल असावं. एका वळूची वासरं शेकड्यांनी होतात, गाईची सात-आठ.

दुर्मीळ नक्षीच्या मागे लागल्यानं जवळच्या नात्यात जोड्या लागतात. बाप-लेकीच्या जोडीतून आलेल्या वासरात अंतःप्रजननाचा गुणांक (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) २५ टक्के, सावत्र भावंडांच्या जोडीतून १२.५ टक्के. याचे परिणाम रंगात दिसत नाहीत. वासरं अशक्त होणं, गाई उलटणं, दूध घटणं यांत दिसतात. वळू त्याच्या मुली माजावर येण्याआधी बदला. नैसर्गिक रेतन असेल, तर हा काळ साधारण दोन-अडीच वर्षांचा.

बाजारात

हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत देवणी आणि लाल कंधारी एका जागी भरपूर पाहायला मिळतात. डोळा तयार करायचा असेल, तर पहिल्या वर्षी फक्त पाहायला जा. काळं-पांढरं जनावर म्हणजे देवणी नव्हे. होल्स्टीनच्या संकरातूनही शेवरासारखी दिसणारी गाय येते. डाग बाजूला ठेवा आणि आधी कान पाहा: देवणीचे लांब, खाली झुकलेले, होल्स्टीनकडे गेलेली जनावरं ते आडवे धरतात. मग कपाळाचा फुगवटा, वशिंड, गळ्याखालची पोळी, कातडीचा सैलपणा. हे सगळे गुण वेगवेगळ्या जनुकांचे असल्यानं चार-पाच एकत्र जुळले तर भरवसा धरावा. एकट्या डागावर कधीच धरू नये. डाग रंगवलेला तर नाही ना, यासाठी ओला पांढरा फडका काळ्या डागावर जोरात घासून पाहा, आणि विक्रेत्याकडे आईचा बिल्ला क्रमांक मागा.

घरी आणलेल्या जनावराची कातडी जिथे गुलाबी आहे, तिथली काळजी वेगळी घ्या. बांधावरची घाणेरी खाल्ली गेली, तर यकृत बिघडतं आणि उन्हात नेमकी हीच पांढरी, गुलाबी जागा भाजल्यासारखी होऊन सोलते. काळ्या डागांखालची कातडी चांगली राहते. डागाच्या हद्दीवर जखम अशी रेघ ओढल्यासारखी थांबलेली दिसली, तर मलम लावत बसू नका. जनावर सावलीत बांधा, घाणेरीपासून दूर ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.